डिस्चार्ज न घेता निघून गेलेली माणसं

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं १९०८ साली मूळनिवासींसाठी दोन हॉस्पिटलं उघडली. जागा निवडली ती कार्नार्वन गावासमोरच्या समुद्रातली, किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरची बर्निअर आणि डोर ही दोन ओसाड बेटं. वाळू, खुरटी झुडपं आणि सदा घोंघावणारा वारा, एवढंच तिथं होतं. पुरुषांसाठी बर्निअर, बायकांसाठी डोर. रोग सांगितला जायचा गुप्तरोग. पण तो झाला आहे की नाही, हे ठरवायला बहुतेक वेळा डॉक्टर नसायचाच, ते काम पोलीस करायचे. घोडेस्वार शिपाई वस्त्यावस्त्यांतून फिरत, वरवर पाहून माणसाला रोगी ठरवत, गळ्यात साखळ्या अडकवत आणि शेकडो किलोमीटर चालवत किनाऱ्यापर्यंत आणत. तिथून बोट. नवरा एका बेटावर, बायको दुसऱ्या, मुलं मागे कुठंतरी. एकमेकांची भाषा न कळणारी, वेगवेगळ्या मुलखांतली माणसं एकत्र कोंडली जात. १९१९ पर्यंत हे चाललं. सुमारे ८०० माणसं तिथं नेली गेली आणि त्यांतली कित्येक त्या वाळूतच पुरली गेली.

या हॉस्पिटलांना 'लॉक हॉस्पिटल' म्हणत. हे नाव आणि त्यामागचा कायदा ब्रिटिश साम्राज्यात सगळीकडे फिरला होता. हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांमध्येही अशीच हॉस्पिटलं होती, आणि तिथंही बायकांना सक्तीनं तपासून कोंडून ठेवलं जाई.

१९१० साली बर्निअरवर एक तरुण मानववंशशास्त्रज्ञ आला. पुढं जगभर नाव झालेला रॅडक्लिफ-ब्राउन तो हाच. मूळनिवासींच्या नातेसंबंधांचा अभ्यास करायचा, तर एवढी माणसं एकाच जागी आयती सापडणारं ठिकाण त्याला दुसरं नव्हतं. कोण कुणाचा मामा, कुणाचं लग्न कोणत्या गटात होऊ शकतं, कुणी कुणाशी बोलायचं नाही, हे त्यानं आजारी माणसांना विचारून वहीत उतरवलं. सांगणारी माणसं ज्या नात्यांची नावं घेत होती, ती नाती साखळीनं तोडूनच त्यांना तिथं आणलं होतं. ती वही शास्त्राच्या कामी आली. सांगणाऱ्यांपैकी कितीजण घरी पोचले, याची फिकीर त्या शास्त्रानं केली नाही.

कार्नार्वनच्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या बायका त्यानंतर कित्येक वर्षं पोराबाळांना बजावत, बेटांकडं बघू नका. २०१९च्या जानेवारीत, हॉस्पिटलं बंद झाल्याला १०० वर्षं झाली तेव्हा, गावात त्याच नावाचं शिल्प उभं राहिलं आणि राज्य सरकारनं माफी मागितली.

हा इतिहास सांगायचं कारण आजचं आहे. ऑस्ट्रेलियात उपचार अर्धवट सोडून, डॉक्टरांनी थांबायला सांगितलेलं असताना हॉस्पिटलातून निघून जाणाऱ्या पेशंटांची नोंद ठेवली जाते. मूळनिवासी पेशंटांमध्ये हे प्रमाण इतरांच्या सुमारे पाचपट आहे. असा पेशंट पुन्हा गंभीर होऊन परत येण्याची आणि दगावण्याची भीती जास्त असते. कितीतरी वर्षं हॉस्पिटलं या गोष्टीकडं एकाच नजरेनं बघत होती: पेशंटला कळत नाही, तो बेजबाबदार आहे, त्याला दारूची तलफ आली असेल. फायलीवर 'पळून गेला' असा शेरा मारला की प्रकरण मिटलं. मला वाटतं, ही फाइल उलट्या बाजूनं वाचायला हवी. ज्या समाजाला हॉस्पिटल म्हणजे काय हे बर्निअर आणि डोरनं शिकवलं, त्यातला माणूस दाराकडं वळतो तेव्हा त्याला बरंच काही कळत असतं, आठवत असतं.

व्हरांड्यातली बाळंतपणं

बेटं बंद झाली, पण रीत बदलली नाही. क्वीन्सलँडच्या फँटम बेटावर १९२०च्या दशकात आणखी एक लॉक हॉस्पिटल निघालं. डार्विनजवळ चॅनल बेटावर १९३१ साली कुष्ठरोग्यांना ठेवायला सुरुवात झाली, डर्बीजवळ बंगारन इथं १९३६ मध्ये. कुष्ठरोगाचं निदान झालं की पोलीस येत, आणि मग माणूस किती वर्षांनी परत येईल हे कुणी सांगू शकत नसे. म्हणून घरचे लोक आजाऱ्याला झाडीत लपवत. अनेक खेड्यापाड्यांतल्या साध्या हॉस्पिटलांतही मूळनिवासींचा वॉर्ड वेगळा असे, नाहीतर त्यांची खाट मागच्या व्हरांड्यात पडे. कित्येक बायकांची बाळंतपणं व्हरांड्यातच झाली.

त्याहून खोल भीती होती ती मुलांची. विसाव्या शतकाच्या पहिल्या ७० वर्षांत सरकार आणि मिशनं मूळनिवासी मुलांना, विशेषतः मिश्र वंशाच्या मुलांना, आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये नेत होती. याची चौकशी करणारा 'ब्रिंगिंग देम होम' हा अहवाल १९९७ साली आला. त्यात हॉस्पिटलातूनच बाळं उचलली गेल्याच्या साक्षी आहेत. कुणाच्या पुढ्यात न कळणारा कागद ठेवून सही घेतली, कुणाला मूल दगावल्याचं सांगितलं. अशा आयांच्या मुली आणि नाती आज प्रसूतीच्या वॉर्डात येतात. नर्स नेहमीसारखा फॉर्म पुढं करते, आणि त्या बाईचा हात आखडतो.

अशाच तोडलेल्या मुलांमधल्या एका मुलीनं पुढं नर्स व्हायचं ठरवलं. तिचं नाव लोविजा ओ'डोनोह्यू. १९३२ सालचा जन्म; दोन वर्षांची असताना आईपासून काढून तिला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मिशनच्या कोलब्रुक होममध्ये ठेवलं. आई तिला पुन्हा भेटली ती ३० वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. तरुण लोविजानं रॉयल ॲडलेड हॉस्पिटलात नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला, तेव्हा मेट्रननं तिला ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन आपल्या लोकांची सेवा करायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. लोविजा गप्प बसली नाही. सभांमधून बोलली, थेट राज्याच्या प्रीमियरपर्यंत गेली आणि १९५४ साली त्याच हॉस्पिटलात शिकाऊ नर्स म्हणून रुजू झाली. पुढं वॉर्डाची प्रमुख झाली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बाप्टिस्ट मिशनबरोबर ती आसामात येऊन नर्सचं काम करत होती. चीनचं आक्रमण झालं तेव्हा तिला तिथून निघावं लागलं. परत गेल्यावर ती आपल्या लोकांच्या राजकारणात पडली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या नेत्यांपैकी एक ठरली. आज मूळनिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था तिच्या नावानं चालते.

तिच्या हकिकतीत एक गोष्ट नीट पाहायला हवी. मूळनिवासींना हॉस्पिटलात पेशंट म्हणून ओढून नेण्याची सक्ती होती, पण परिचारिका म्हणून आत यायला मनाई होती. आजारी पडलेल्या माणसाला त्या इमारतीत आपल्या रक्ताचा, आपल्या भाषेचा एकही चेहरा दिसणार नाही, अशी ती व्यवस्थाच होती.

रेडफर्नचं दुकान

१९६०च्या दशकात हजारो मूळनिवासी कुटुंबं कामाच्या शोधात सिडनीच्या रेडफर्न भागात आली. एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणारी ही माणसं आजारी पडली तरी हॉस्पिटलची पायरी चढत नसत. तपासणीची फी परवडत नसे, आणि सर्वांना मोफत उपचार देणारी देशव्यापी योजना तेव्हा नव्हती. पण त्याहून मोठं कारण होतं बाकावर बसून होणारा अपमान. मागून आलेले गोरे पेशंट आत जात, हे मात्र बसूनच राहत. आत गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जाई तो दारूबद्दल.

याच भागात १९७० साली मूळनिवासींनी स्वतःचं कायदा सहाय्य केंद्र काढलं होतं. त्यात काम करणारा गॉर्डन ब्रिस्को घरोघर फिरताना अशी दुखणी अंगावर काढणारी माणसं पाहत होता. फ्रेड हॉलोज हा नेत्रतज्ज्ञ, तुरुंगातल्या पोरांना भेटत फिरणारी, सगळ्यांची 'मम शर्ल' म्हणजे शर्ली स्मिथ, आणि वस्तीतले इतर कार्यकर्ते एकत्र आले. १९७१च्या जुलैत रीजंट स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या दुकानाच्या गाळ्यात ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस सुरू झाली. डॉक्टर बिनपगारी, दिवसाची नोकरी संपवून येणारे. पण पेशंटला दारात भेटणारी, चहा विचारणारी, नावानिशी ओळखणारी माणसं वस्तीतलीच. संस्था कशी चालवायची, पैसा कशावर खर्च करायचा, डॉक्टर कोण ठेवायचा, हे ठरवणारं मंडळही मूळनिवासींचंच.

या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व तेव्हा फार थोड्यांना कळलं. गरिबांसाठी मोफत दवाखाने त्याआधीही होते. इथं मालकी बदलली होती. पेशंट न आल्यास त्याला दोष देऊन मोकळं होण्याची सोय राहिली नव्हती, कारण न आलेला माणूस मंडळावरच्या कुणाचा तरी भाऊ होता. संस्थेची धुरा पुढं कित्येक वर्षं नेओमी मेयर्स यांनी वाहिली. 'द सफायर्स' या गाजलेल्या मूळनिवासी गायिकांच्या चमूतल्या त्या एक. १९७३ साली मेलबर्नच्या फिट्झरॉयमध्ये आणि मग ॲलिस स्प्रिंग्जमध्ये अशीच केंद्रं उभी राहिली. आज देशभर १४०हून अधिक संस्था या पद्धतीनं चालतात. हॉस्पिटलातून निघून जाणाऱ्यांना डॉक्टर नकोसा झाला असता, तर या गाळ्यापुढं रांग लागली नसती.

आओतेआरोआतून आलेला विचार

रेडफर्ननं हॉस्पिटलबाहेर स्वतःचं घर बांधलं. पण हृदयाची शस्त्रक्रिया किंवा अवघड बाळंतपण त्या गाळ्यात होणार नव्हतं. त्यासाठी मोठ्या हॉस्पिटलात जावंच लागणार, आणि ते हॉस्पिटल कसं बदलायचं हा प्रश्न उरला. त्याचं सर्वांत धारदार उत्तर समुद्रापलीकडून, माओरींच्या आओतेआरोआतून म्हणजे न्यूझीलंडमधून आलं.

तिथंही जखम जुनी होती. १८४०च्या वाइतांगी तहात माओरींना ब्रिटिश प्रजेचे सगळे हक्क देण्याचं वचन होतं. १९०७ साली मात्र पारंपरिक वैदूंना, म्हणजे तोहुंगांना, काम करायला बंदी घालणारा कायदा झाला. तो १९६२ पर्यंत कागदावर होता. आपली औषधं गुन्हा ठरली आणि दुसऱ्याच्या हॉस्पिटलात आपण परके, अशा कात्रीत माओरींच्या दोनतीन पिढ्या सापडल्या.

इरिहापेती रॅम्सडेन ही ङाइ ताहू आणि रांगिताने या माओरी वंशांची नर्स, नंतर नर्सिंगची शिक्षिका. १९८८ साली क्राइस्टचर्चला माओरी नर्सिंग विद्यार्थ्यांचा मेळावा भरला होता. तिथं पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं उठून विचारलं की, तुम्ही कायद्याच्या सुरक्षिततेबद्दल बोलता, उपचारातल्या सुरक्षिततेबद्दल बोलता, मग संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? रॅम्सडेननं तो प्रश्न उचलला आणि पुढची १५ वर्षं, मरेपर्यंत, सोडला नाही.

तिची मांडणी लोकांच्या अपेक्षेच्या उलट दिशेनं गेली. अनेकांना वाटलं की नर्सांना आता माओरी रीतिरिवाज शिकवायचे: डोक्याला हात लावण्याआधी विचारा, अन्नाच्या टेबलावर बसू नका. रॅम्सडेनचं म्हणणं, अशा याद्या पाठ करून काही होत नाही. यादी पाठ असलेली नर्सही पेशंटला तुच्छ लेखू शकते. नर्सनं आधी स्वतःकडं पाहावं. आपण कोणत्या घरातून आलो, आपल्या हाती कोणती सत्ता आहे, समोरच्याबद्दल आपण काय गृहीत धरलं आहे, या समाजाची जमीन कशी गेली आणि आपण त्या इतिहासाच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, हे तिला माहीत हवं. आणि सेवा सुरक्षित होती की नाही, हे ठरवण्याचा अधिकार सेवा घेणाऱ्याचा. नर्सनं स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र चालणार नाही.

१९९२ साली न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलनं हा विषय शिक्षणात आणि परीक्षेत सक्तीचा केला. त्यावर वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. नर्सांना सलाइन लावायला शिकवायचं की राजकारण, असे अग्रलेख आले, रॅम्सडेनवर वैयक्तिक चिखलफेक झाली आणि १९९५ मध्ये संसदेच्या समितीनं चौकशी केली. विषय मात्र टिकला. रॅम्सडेननं २००२ साली या सगळ्या प्रवासावर पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण केला आणि २००३च्या एप्रिलमध्ये कॅन्सरनं ती गेली. तिची कल्पना तोवर ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात पोचली होती.

डार्विनच्या चित्रफिती

ऑस्ट्रेलियात डार्विनचं हॉस्पिटल हे या प्रश्नाचं मोठं केंद्र. तिथल्या खाटांवर बहुसंख्य पेशंट मूळनिवासी, आणि त्यांतल्या कित्येकांची इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा. सरकारी दुभाषी सेवा तिथं सुरू झाली ती २००० साली. त्याच सुमारास किडनीतज्ज्ञ ॲलन कॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. डायलिसिसवरचे योल्ङू या मूळनिवासी समाजातले पेशंट आणि त्यांचे डॉक्टर-नर्स यांची संभाषणं चित्रित केली आणि नंतर दोघांनाही वेगवेगळं बसवून विचारलं: तुम्हाला काय समजलं?

२००२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. दोन्ही बाजूंना सारखंच काही समजलं, असं क्वचितच आढळलं, आणि बहुतेक वेळा गैरसमज झालाय हे दोघांच्याही गावी नव्हतं. पेशंट मान डोलावत होता ते सभ्यता म्हणून, डॉक्टर त्याला संमती समजत होता. वर्षानुवर्षं आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घेणाऱ्या माणसांना आपल्या किडनीचं नेमकं काय झालंय, हे कुणी त्यांच्या भाषेत सांगितलंच नव्हतं. त्यांना ते जाणून घ्यायचं होतं आणि समजून घेण्याची कुवतही होती. सांगणाऱ्यांनीच परस्पर ठरवून टाकलं होतं की यांना झेपणार नाही.

अशा वॉर्डात एक दिवस काढून पाहा. खोली एसीनं गारठलेली, उघड्यावर निजणाऱ्या माणसाला चार भिंतींत कोंडल्यासारखं होतं. शेजारच्या खाटेवर सासू आहे. अनेक मूळनिवासी समाजांत सासू-जावयानं एकमेकांसमोर यायचंच नसतं, म्हणून जावई दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहतो. नर्सच्या नोंदीत लिहिलं जातं, पेशंट बोलत नाही. त्यात गावाकडं कुणीतरी वारल्याचा निरोप येतो. मयताचे विधी चुकवणं म्हणजे नात्यातली मोठी कसूर, त्याचं बोलणं आयुष्यभर ऐकावं लागतं. पण अंगातली सलाइन कधी निघणार, घरी कधी सोडणार, दोन दिवस जाऊन परत आलो तर चालेल का, हे विचारायचं कुणाला आणि कोणत्या भाषेत? संध्याकाळी जेवणाचं ताट जसंच्या तसं राहतं आणि खाट रिकामी असते.

या माणसाला कुणी थांबवलं असतं? ज्यांनी कारणं शोधली त्यांना पुन्हा पुन्हा तीच सापडली: एकटेपणा, घरची जबाबदारी, वर्णद्वेषी वागणूक, ताटकळत ठेवणं आणि काय चाललंय ते न सांगणं. आपल्या भाषेचा दुभाषी रोज फेरीला आला, आपल्यातला संपर्क अधिकारी शेजारी बसला, मयताला जाऊन येण्याची वाट काढून दिली, तर माणसं थांबतात.

चित्रं विकून आणलेलं यंत्र

निघून जाण्यामागचं आणखी एक मोठं कारण म्हणजे जमीन. किंटोर ही पिंटुपी लोकांची वस्ती ॲलिस स्प्रिंग्जपासून पश्चिमेला ५०० किलोमीटरहून लांब, वाळवंटात आहे. पिंटुपींपैकी शेवटची कुटुंबं वाळवंटातून बाहेर आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सरकारनं त्यांना पापुन्या वसाहतीत आणून ठेवलं होतं. तिथून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे लोक स्वतःहून आपल्या मुलखात परतले आणि त्यांनी किंटोर वसवलं.

मग किडन्या निकामी होऊ लागल्या. दूरच्या वस्त्यांमधल्या मूळनिवासींमध्ये हा आजार इतरांच्या कितीतरी पट. डायलिसिस फक्त ॲलिस स्प्रिंग्जला. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चारपाच तास. म्हणजे यंत्र लागलं की गाव कायमचं सुटलं. जे म्हातारे गात, गोष्टी सांगत, कोणता पाणवठा कुणाचा हे नातवंडांना शिकवत, तेच शहरात परक्या जमिनीवर, नदीच्या कोरड्या पात्रात नाहीतर भाड्याच्या खोलीत दिवस मोजू लागले. काही जण मशीन सोडून घरी गेले. आपण मरणार हे त्यांना ठाऊक होतं. हॉस्पिटलच्या हिशेबात तेही उपचार अर्धवट सोडणारेच.

सरकारकडं मागणी केली तर उत्तर आलं की एवढ्या लांब डायलिसिस परवडणार नाही. पिंटुपींकडं पैसा नव्हता, पण चित्रकला होती. १९७१ साली पापुन्यात सुरू झालेल्या पापुन्या तूला चित्रपरंपरेनं तोवर जग जिंकलं होतं. किंटोर आणि किविरकुरा या दोन गावांतल्या पुरुषांनी आणि बायकांनी एकत्र बसून चार मोठी सामूहिक चित्रं काढली. ११ नोव्हेंबर २००० रोजी सिडनीतल्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये या आणि इतर चित्रांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलर्सहून अधिक रक्कम जमली. ज्या जमिनीवर मरायला माणसं निघून जात होती, तिचीच चित्रं विकून तिथं जगण्याची सोय झाली. २००४ साली किंटोरमध्ये डायलिसिसची खुर्ची लागली.

किंटोरची ही सोय चालवणाऱ्या संस्थेला ॲलिस स्प्रिंग्जमधल्या जांभळ्या रंगाच्या घरावरून 'पर्पल हाउस' हे नाव पडलं. तिथं यंत्राबरोबर स्वयंपाकघर आहे, रानातल्या औषधी वनस्पतींचे मलम करणाऱ्या आज्या आहेत, अंगणात शेकोटी आहे. डायलिसिसची खुर्ची बसवलेला त्यांचा एक ट्रक वाळवंटातल्या गावांतून फिरतो, म्हणजे शहरातल्या पेशंटांना लग्नकार्य, मयत, सण यांसाठी घरी जाऊन येता येतं. २०१८ साली केंद्र सरकारनं अतिदुर्गम भागातल्या डायलिसिससाठी मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेतून पैसे द्यायला सुरुवात केली. परवडणार नाही म्हणून जे नाकारलं होतं, ते करून दाखवल्यावर देशाचं धोरण झालं.

कायद्यात आलेला शब्द

हे सारं घडत असताना साध्या हॉस्पिटलांतलं वास्तव फारसं हललं नव्हतं. १ जानेवारी २०१६ रोजी न्यू साउथ वेल्समधल्या तुमुत गावात २७ वर्षांची विराजुरी समाजाची एक गरोदर तरुणी मध्यरात्रीनंतर दुखणं घेऊन हॉस्पिटलात गेली. तिला पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या दिल्या आणि ३४ मिनिटांत घरी पाठवलं. काही तासांत ती आणि तिच्या पोटातलं मूल रक्तातल्या जंतुसंसर्गानं गेलं. त्याआधीच्या महिन्यांत ती वारंवार हॉस्पिटलात जात होती. दर वेळी तक्रार वरवर पाहून तिला परत पाठवलं गेलं. २०१९ मध्ये कॉरोनरनं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्यानं, निष्कर्ष दिला की त्या रात्री तिची आणखी तपासणी व्हायला हवी होती. मूळनिवासी पेशंटांबद्दलच्या नकळत पूर्वग्रहाची दखलही त्यांनी घेतली.

जो समाज अशा बातम्या ऐकतो, तो हॉस्पिटलात जाताना या बातम्या सोबत घेऊन जातो. एखादा पेशंट स्वतः निघून जातो, दुसऱ्याला हॉस्पिटलच लवकर वाटेला लावतं. दोघांच्या बाबतीत विश्वास तुटलेला असतो, आणि तो पहिल्यांदा तोडला आहे हॉस्पिटलनं.

२०२० साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर-नर्सांची नोंदणी करणाऱ्या मंडळांनी सांस्कृतिक सुरक्षिततेची एक राष्ट्रीय व्याख्या मान्य केली. सेवा सुरक्षित आहे की नाही हे मूळनिवासी व्यक्ती, कुटुंबं आणि समाज ठरवतील, असं तिच्या पहिल्याच ओळीत येतं. २०२२ मध्ये आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय कायद्यात हे उद्दिष्ट म्हणून घातलं गेलं. रॅम्सडेन ज्यासाठी शिव्या खात होती, ते आता नोंदणीच्या अटींपर्यंत पोचलं आहे.

आपल्याकडं गडचिरोलीत हाच प्रश्न १९८०च्या दशकात उभा राहिला होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथं काम करू लागले, तेव्हा गोंड लोक मोठ्या हॉस्पिटलात यायला तयार नसत. बंग दाम्पत्यानं त्यांनाच विचारलं. लोक म्हणाले, तिथं सगळं पांढरं असतं, डॉक्टर पांढरे, चादरी पांढऱ्या. आमच्याकडं पांढऱ्यात मेलेल्याला गुंडाळतात. नातेवाइकांना बाहेर काढतात, आजाऱ्याला एकटं टाकतात. आमच्या देवीचं, झोपड्यांचं हॉस्पिटल असतं तर आलो असतो. शोधग्राममध्ये मां दंतेश्वरीच्या नावानं दवाखाना उभा राहिला तो तसाच: झोपड्यांचे वॉर्ड, पेशंटसोबत राहणारं घर. लोक आले. आपल्या मुलखातल्या कित्येक सरकारी दवाखान्यांत मात्र आजही आदिवासी बाईच्या अंगावर खेकसलं जातं, तिची भाषा कुणाला येत नाही, आणि ती रात्रीतून बाळ घेऊन गेली की शेरा पडतो तो तिच्या अडाणीपणावर.

बर्निअरपासून किंटोरपर्यंतच्या या शंभर वर्षांत माणसांनी मागितलेल्या गोष्टी थोड्याच आहेत आणि त्या कधी बदललेल्या नाहीत. आपली भाषा बोलणारं कुणीतरी, शेजारी आपलं माणूस, काय चाललंय ते समजण्याचा हक्क, आणि घरी जाऊन परत येण्याची मोकळीक. यातलं काहीही वैद्यकशास्त्राच्या आड येत नाही. अर्धवट उपचार घेऊन गेलेला पेशंट अतिदक्षता विभागात परत येतो, त्याचा खर्च दुभाष्याच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्याच्या जिवाची तर मोजदादच नाही. म्हणून यापुढं एखादी खाट रिकामी सापडली, तर 'पेशंट का गेला' ही चौकशी हॉस्पिटलनं आधी स्वतःची करावी, आणि तिचं उत्तर खरं आहे की नाही हे निघून गेलेल्या माणसाला विचारून ठरवावं.